कथेतील गोपन : गुर्जरांपासून बागुलांपर्यंत

१

कथा सांगणाऱ्याला कथेचा शेवट ठाऊक असतो. ऐकणाऱ्याला तो ठाऊक नसतो. ज्ञानाची ही विषमता कथनव्यवहाराच्या मुळाशीच आहे. निवेदक ती कोणत्या क्रमाने आणि किती सावकाश कमी करतो, यावर कथेचा घाट पुष्कळसा अवलंबून असतो. हाती असलेली माहिती योग्य वेळ येईपर्यंत राखून ठेवण्याच्या निवेदकाच्या या क्रियेला प्रस्तुत लेखात 'गोपन' असे म्हटले आहे.

मराठीत या क्रियेचा विचार बहुतेक वेळा 'तंत्र' या सदराखाली झाला. त्यामुळे तंत्राला प्रतिष्ठा होती तोवर गोपनालाही प्रतिष्ठा मिळाली आणि तंत्राविषयी नावड निर्माण झाल्यावर गोपनही कृत्रिम, बाजारी आणि रंजनपर ठरले. या दोन्ही भूमिकांत एक गृहीत समान आहे. लपवणारा नेहमी निवेदक असतो आणि ज्याच्यापासून लपवले जाते तो नेहमी वाचक असतो, असे दोघेही धरून चालतात. मराठी कथेचा इतिहास पाहिला तर हे गृहीत टिकत नाही. कोण कोणापासून काय लपवते, या नात्यात आपल्या कथेने शतकभरात मूलगामी बदल केले आहेत. त्या बदलांची दखल न घेतल्यामुळे काही महत्त्वाच्या कथांचे कथापणच आपल्या नजरेतून सुटले. बाबुराव बागुल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही त्यांपैकी सर्वांत ठळक कथा होय.

२

प्रथम काही भेद स्पष्ट केले पाहिजेत. मेईर स्टर्नबर्ग या कथनमीमांसकाने वाचकाच्या मनात निर्माण होणाऱ्या तीन अवस्था वेगळ्या केल्या आहेत. पुढे काय होईल ही पहिली, मागे काय घडले असावे ही दुसरी आणि जे घडले ते आपल्याला आधी कळलेच नव्हते, ही धक्क्यासह येणारी जाणीव तिसरी. मराठीत यांना अनुक्रमे उत्कंठा, कुतूहल आणि विस्मय असे शब्द सहज वापरता येतील. व्यवहारात आपण या तिन्ही शब्दांची सरमिसळ करतो. परंतु गोपनाच्या दृष्टीने त्यांच्यातला फरक मोठा आहे. विस्मयासाठी वाचकाला काही लपवले आहे याचा पत्ताही लागू द्यायचा नसतो. कुतूहलासाठी काहीतरी लपवले आहे एवढे सांगून ते काय हे सांगायचे नसते. उत्कंठेसाठी मात्र वाचकापासून काही लपवण्याची मुळीच गरज नसते. किंबहुना वाचकाला जितके अधिक ठाऊक असेल तितकी उत्कंठा अनेकदा तीव्र होते.

याचे उदाहरण आपल्या परंपरेत फार जुने आहे. महाभारतातील शकुंतलाख्यानात राजाला सारे आठवत असते आणि तरीही तो तिला ओळखत नसल्याचे दाखवतो. कालिदासाने ही रचना बदलली. त्याने दुर्वासाचा शाप आणला आणि तो प्रेक्षकांच्या व दोन सख्यांच्या कानांवर घातला. शकुंतलेला तो ऐकू गेला नाही, दुष्यंताला त्याची वार्ताही नाही. पाचव्या अंकात राजसभेत ती उभी राहते तेव्हा प्रेक्षकाला सर्व माहीत असते आणि म्हणूनच त्याचा जीव टांगणीला लागतो. शाप सातव्या अंकापर्यंत लपवून ठेवला असता तर प्रेक्षकाला शेवटी एक चमत्कार मिळाला असता. पण पाचव्या अंकात त्याने राजाला लबाड ठरवले असते आणि शकुंतलेच्या दुःखाशी त्याचे नाते निराळे झाले असते. रहस्य कोणाच्या हाती द्यावे, हा निर्णय अशा रीतीने केवळ रंजकतेचा राहत नाही. प्रेक्षकाची सहानुभूती कोणाकडे जावी आणि संशय कोणाकडे, हेही त्यावर ठरते.

दुसरा भेद निवेदकाच्या प्रामाणिकपणाचा आहे. झेरार जनेत याने १९७२ मधील आपल्या विवेचनात एका विशिष्ट प्रकारच्या वगळणुकीकडे लक्ष वेधले. ज्याच्या मनात आपण वावरत आहोत त्याला जे ठाऊक आहे तेच वाचकाला न सांगणे, ही ती वगळणूक. अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) या कादंबरीत खुनी स्वतःच निवेदक आहे आणि खुनाची वेळ तो शब्दांच्या फटीतून निसटू देतो, हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. पात्राला ठाऊक नाही म्हणून वाचकालाही कळत नाही, हा एक प्रकार झाला. पात्राला ठाऊक असूनही वाचकाला कळू दिले जात नाही, हा दुसरा. पहिल्या गोपनाला कथेतच कारण असते. दुसऱ्याला कारण लागतेच, आणि ते न मिळाल्यास वाचकाला फसवले गेल्याची भावना होते.

३

मराठी कथेच्या आरंभकाळात गोपनाला फारसे स्थान नव्हते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी मराठीत आणलेल्या 'वेताळपंचविशी'चेच उदाहरण घ्यावे. वेताळ राजाला कोडे घालतो खरे, पण हकिकतीतले तो काहीही लपवत नाही. सर्व घटना सांगून झाल्यावर तो न्याय विचारतो. माहितीची उणीव तेथे नसते. कसोटी असते ती विवेकाची.

हरि नारायण आपटे यांच्या स्फुट गोष्टींत हेच धोरण वेगळ्या रूपात दिसते. 'करमणूक' पत्र १८९० मध्ये सुरू झाले आणि त्याच्या वाचकासमोर आपट्यांनी ज्या गोष्टी ठेवल्या त्यांच्या शीर्षकांकडे पाहण्यासारखे आहे. 'थोड्या चुकीचा घोर परिणाम', 'अपकाराची फेड उपकारानेच', 'पुरी हौस फिटली'. शेवट काय होणार हे शीर्षकच सांगून टाकते. हे अकुशलतेचे लक्षण मानण्याची प्रथा आहे. परंतु ज्या निवेदकाला वाचकाशी वडीलधाऱ्याच्या नात्याने बोलायचे आहे, त्याने निष्कर्ष आधी सांगणे स्वाभाविक आहे. घोर परिणाम होणार हे कळल्यावर ती थोडी चूक कोणती, याकडे वाचकाने सावधपणे पाहावे, ही तेथे अपेक्षा आहे. शिवाय आपट्यांना वाचकाला ताटकळत ठेवण्याचे एक साधन आयतेच उपलब्ध होते. 'पण लक्षात कोण घेतो?' सारखी कादंबरी 'करमणूक'मधून क्रमशः येत होती. दोन अंकांमधला काळ हाच तेथे गोपनाचे काम करीत असे.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये सुरू केलेल्या 'मासिक मनोरंजन'मध्ये पुढे 'संपूर्ण गोष्ट' रुजली. एकाच अंकात संपणारी, म्हणून 'संपूर्ण'. हे नाव आज आपल्याला विचित्र वाटते, पण त्यात एक रचनात्मक अडचण नोंदलेली आहे. जी गोष्ट एका बैठकीत संपते तिला दोन अंकांमधल्या काळाचा आधार नसतो. वाचकाला थांबवून धरण्याची व्यवस्था तिला आपल्या पोटातच करावी लागते. वि. सी. गुर्जर यांच्या कथांनी ती व्यवस्था केली. गैरसमज, योगायोग, ओळखींची अदलाबदल आणि शेवटच्या परिच्छेदात होणारा उलगडा, ही त्यांची परिचित सामग्री. प्रभातकुमार मुखोपाध्याय यांच्या बंगाली कथांचा त्यांच्यावरील प्रभाव अभ्यासकांनी नोंदवला आहे.

गुर्जरांच्या कथेतील गोपनाला त्या काळातील मध्यमवर्गीय जीवनाचे एक अंग होते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. तरुण आणि तरुणी यांना उघडपणे भेटण्याची सोय ज्या समाजात नाही, तेथे प्रेमकथा सांगायची तर ती चोरून, नाव बदलून, दुसऱ्याच कोणाचा तरी गैरसमज करून देऊनच सांगता येते. उलगड्यात जी 'ती' निघते, ती बहुधा घरच्यांनी मान्य करावी अशीच निघते. म्हणजे गोपनामुळे वाचकाला थोडा काळ निषिद्धाची चव घेता येते आणि उकलीमुळे ते निषिद्ध नव्हतेच असे समाधानही मिळते. येथे निवेदक लपवतो, वाचकाला चकवतो, आणि शेवटी दोघेही हसतात. या व्यवहारात कोणाचेही काही बिघडत नाही, हेच त्याचे आकर्षण आणि हीच त्याची मर्यादा.

४

ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन'ने (१९३१) या प्रथेला शास्त्राचे रूप दिले. आकर्षक प्रारंभ, गुंतागुंत, निरगाठ, परमोत्कर्ष आणि उकल असा आलेख मराठी वाचकाच्या इतका अंगवळणी पडला की तीच कथेची व्याख्या होऊन बसली. फडके यांचे ऋण मान्य केले पाहिजे. कथा ही रचावी लागते आणि वाचकाच्या मनातील अपेक्षा हे त्या रचनेचे द्रव्य असते, ही जाणीव त्यांनी मराठीत निःसंदिग्धपणे आणली. त्यांच्या विवेचनात उणीव आहे ती अशी की तेथे उत्कंठा हा लेखकाने वाचकावर केलेला प्रयोग ठरतो. वाचकाची पकड सैल होऊ नये म्हणून काय दडवावे आणि केव्हा दाखवावे, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. जे दडवले ते कथेतील माणसांच्या जीवनात का दडलेले आहे, हा प्रश्न उपस्थितच होत नाही.

दिवाकर कृष्ण यांच्या 'समाधी व इतर सहा गोष्टी' (१९२७) या संग्रहातील कथांनी या आलेखाबाहेरची वाट आधीच दाखवली होती. त्यांच्या कथेत घटनेपेक्षा मनाच्या हालचालींना महत्त्व होते. परंतु तंत्राविरुद्धचे खरे बंड १९४५ नंतरच्या नवकथेने केले. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथा परस्परांहून अगदी भिन्न आहेत. तथापि निरगाठ-उकलीचा साचा नाकारण्याच्या बाबतीत गाडगिळांचे लेखन आणि त्यांची समीक्षा सर्वांत निःसंकोच होती. 'बिनचेहऱ्याची संध्याकाळ' यासारख्या शीर्षकातच शेवटी काही उलगडणार आहे ही अपेक्षा मोडून काढलेली आहे.

या बंडाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. नवकथेने गोपन टाकून दिले, तरी वाचकाची त्याविषयीची ओढ काही नाहीशी झाली नाही. ती दुसरीकडे वळली. बाबूराव अर्नाळकर यांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांनी आणि पुढे नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांनी ती भागवली. 'सत्यकथा'चा वाचक आणि रहस्यकथेचा वाचक अनेकदा एकच असे, पण समीक्षेने त्यांच्यामध्ये भिंत घातली. भिंतीच्या एका बाजूला अनुभूती, जाणीव, व्यामिश्रता हे शब्द राहिले, तर उत्कंठा, रहस्य, धक्का हे शब्द पलीकडे गेले. गंभीर कथेतील उत्कंठेविषयी बोलायचे तर त्यासाठी आपल्याजवळ प्रतिष्ठित शब्दच उरला नाही.

५

प्रत्यक्ष नवकथेत मात्र गोपन संपलेले नव्हते. त्याचे स्थान बदलले होते. माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसे' (१९४९) मधील 'धर्मा रामोशी' हे व्यक्तिचित्र पाहावे. अंगावर धड वस्त्र नसलेल्या धर्माला निवेदकाकडून धोतर मिळते. पुढे धर्मा पुन्हा त्याच लक्तरांत दिसतो तेव्हा निवेदकाला ते खटकते. शेवटी ते धोतर धर्माच्या तरुण मुलीच्या अंगावर दिसते आणि लेखन तेथेच थांबते.

वरवर पाहता ही गुर्जर-फडके परंपरेतील कलाटणी आहे. वाचकाला एक गोष्ट उशिरा कळते आणि त्याला धक्का बसतो. पण हे गोपन कोणी केले? निवेदकाने केलेले नाही, कारण त्या क्षणापर्यंत त्यालाही ते ठाऊक नव्हते. ते धर्माने केले आहे. मुलीला नेसायला काही नाही, हे दारिद्र्याचे टोक त्याने आपल्या तोंडून सांगितले नाही. निवेदक देणारा आहे, गावात वरच्या घरचा आहे. दिलेल्या वस्तूचे काय झाले हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे असे त्याला वाटते. शेवटची दृश्यप्रतिमा धर्माचे रहस्य उघड करते, त्याचबरोबर निवेदकाची नजर कोठवर पोहोचत नव्हती हेही उघड करते.

प्रथमपुरुषी निवेदनात नेहमी दोन 'मी' असतात. एक 'मी' घटना अनुभवतो. दुसरा 'मी' सर्व कळून चुकल्यावर ती सांगतो. माडगूळकरांचा सांगणारा 'मी' आपले उत्तरज्ञान बाजूला ठेवतो आणि वाचकाला अनुभवणाऱ्या 'मी'च्या अज्ञानात बसवतो. धर्माविषयीची नापसंती आधी वाचकाच्याही मनात यावी आणि मग तिची लाज वाटावी, यासाठी हे गोपन आवश्यक आहे. तंत्र तेच असले तरी त्याचे प्रयोजन पार बदलले आहे.

कालक्रम थोडा ओलांडून येथेच जी. ए. कुलकर्णी यांचा उल्लेख करणे सोयीचे होईल. 'पिंगळावेळ' (१९७७) मधील 'कैरी' या कथेत निवेदक लहान मुलगा आहे. मावशीच्या संसारातील दुःख त्याला दिसते, पण समजत नाही. समजण्याचे काम वाचकाला करावे लागते. याच संग्रहातील 'स्वामी' या कथेत अपरिचित ठिकाणी अडकलेल्या माणसाला मठात सन्मानाने नेले जाते. आदरातिथ्याच्या प्रत्येक पायरीबरोबर त्याच्या परतीची वाट बंद होत जाते आणि आपल्याला स्वामी म्हणून कायमचे कोंडले आहे, हे त्याला उमगते तेव्हा वाचकालाही नुकतेच उमगू लागलेले असते. जी. एं.च्या या जगात लपवणारी शक्ती निवेदकाच्याही पलीकडची आहे. तिला नियती म्हणावे की व्यवस्था, हा वाद बाजूला ठेवू. गोपन येथे जगण्याच्या स्वरूपाचा भाग झाले आहे, एवढे निश्चित. 'स्वामी'च्या वाचनात उत्कंठा नाही असे कोणीही म्हणणार नाही, पण जी. एं.वरील समीक्षेत नियती, प्रतीक, दृष्टान्त या शब्दांच्या मानाने उत्कंठा हा शब्द किती क्वचित येतो हे पाहिले म्हणजे वर उल्लेखिलेल्या भिंतीची उंची लक्षात येते.

६

आता १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बागुलांच्या कथासंग्रहाकडे, आणि विशेषतः त्यातील शीर्षककथेकडे वळता येईल. 'जेव्हा मी जात चोरली होती' चा निवेदक रेल्वेतील नोकरीसाठी गुजरातमधील उधना येथे येतो. राहण्यासाठी खोली मिळवताना त्याची जात विचारली जाते. तो सरळ उत्तर देत नाही. आवेशपूर्ण बोलून प्रश्न टोलवतो. रामचरण तिवारी हा सहकारी त्याच्या कवित्वावर लुब्ध होतो, त्याला घरी बोलावतो, मान देतो. दुसरीकडे काशीनाथ सकपाळ आहे. तो आपली जात लपवत नाही आणि त्याची किंमत रोज मोजतो. शेवटी निवेदकाची जात उघडकीस येते. ज्यांनी मान दिला तेच त्याला मारतात आणि काशीनाथ त्याला सोडवतो.

फडके यांच्या तंत्रदृष्टीने पाहिल्यास या कथेत एक अक्षम्य चूक आहे. सर्वांत मोठे रहस्य शीर्षकातच फोडले आहे. वाचक पहिल्या ओळीला पोहोचण्याआधीच त्याला निवेदकाचे गुपित कळते. शिवाय 'होती' या भूतकाळवाचक क्रियापदामुळे तो प्रसंग संपला आहे आणि सांगणारा जिवंत आहे हेही कळते. मग या कथेत श्वास रोखून धरायला लावणारे काय उरते?

उलट बाजूने विचार करून पाहू. हीच सामग्री गुर्जरांच्या पद्धतीने सांगितली असती तर? एक बुद्धिमान, कवी, तेजस्वी तरुण परगावी येतो. सर्वांचा लाडका होतो. तिवारी त्याला गुरुस्थानी मानतो. आणि अखेरच्या परिच्छेदात वाचकाला आणि तिवारीला एकाच क्षणी त्याची जात कळते. धक्का मोठा बसला असता. पण त्या क्षणी वाचक कोठे उभा असता? तो तिवारीच्या शेजारी उभा असता. आपल्यापासून काहीतरी लपवले गेले, आपण फसवलो गेलो, ही तिवारीची भावना वाचकाचीही झाली असती. मारणाऱ्यांच्या संतापाचा एक अंश, कितीही सौम्य रूपात का होईना, वाचकाच्या मनात उतरला असता. विस्मयाचे तंत्र येथे तटस्थ राहू शकत नव्हते. ते सवर्ण नजरेच्या बाजूने काम करणारे ठरले असते.

बागुलांनी हे टाळले. त्यांच्या निवेदकाने जगापासून जे लपवले ते वाचकाला आधीच सांगितले आणि वाचकाला आपल्या गुपितात भागीदार करून घेतले. यानंतर कथेतील प्रत्येक साधा प्रसंग ताणाने भरून जातो. कोणी नाव विचारले, कोणी घरी बोलावले, कोणी पाणी पुढे केले, तरी वाचक दचकतो. तिवारीचे प्रेम जसजसे वाढते तसतसे वाचकाचे भय वाढते, कारण हे प्रेम कोणत्या अटीवर उभे आहे हे त्याला ठाऊक आहे आणि तिवारीला ठाऊक नाही. कालिदासाच्या पाचव्या अंकातील प्रेक्षकाची जी स्थिती, तीच येथे वाचकाची आहे. फरक असा की तेथे रहस्य शापाने निर्माण केले होते आणि शापाला मुद्रिकेचा उतारा होता. येथे रहस्य समाजव्यवस्थेने निर्माण केले आहे आणि त्याला कोणताही उतारा कथेत दिलेला नाही.

माडगूळकरांशी तुलना केल्यास हा निर्णय अधिक स्पष्ट होतो. माडगूळकरांचा निवेदक पाहणारा आहे. त्याला जे कळायचे आहे ते दुसऱ्याच्या जीवनाविषयी आहे. म्हणून उत्तरज्ञान बाजूला ठेवून तो आपले अज्ञान वाचकाला भोगायला लावू शकतो. बागुलांचा निवेदक स्वतःच रहस्याचा विषय आहे. त्याने आपले ज्ञान वाचकापासून लपवले असते तर ती जनेतने निर्देशिलेली वगळणूक झाली असती; खुनी निवेदकाच्या पंक्तीला तो जाऊन बसला असता. ज्याच्यावर जात लपवल्याचा 'गुन्हा' आधीच लादला गेला आहे, त्याने कथनातही लपवाछपवी केली असती तर आरोप जणू सिद्धच झाला असता.

'चोरली' या क्रियापदाचा विचारही येथे अपरिहार्य ठरतो. मराठीत चोरणे म्हणजे दुसऱ्याची वस्तू उचलणे, तसेच आपलेच काही राखून ठेवणे, आवरून घेणे. अंग चोरणे, नजर चोरणे, काम चोरणे या प्रयोगांत दुसराच अर्थ आहे. बागुलांच्या शीर्षकात हे दोन्ही अर्थ एकमेकांवर आदळतात. जात निवेदकाचीच आहे. ती न सांगणे म्हणजे अंग चोरून उभे राहण्यासारखे आहे. परंतु समाजाच्या लेखी ही चोरीच आहे, कारण जात जाहीर केल्याविना मिळालेला मान हा त्याच्या दृष्टीने चोरीचा माल ठरतो. जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादाच्या (२०१८) शीर्षकात यासाठी लपवणे या अर्थाचे क्रियापद आले आहे. त्यातून राखून ठेवण्याचा अर्थ पोहोचतो. गुन्ह्याचा अर्थ मात्र मराठीतच राहतो. निवेदक आरोपीच्या भाषेत कबुलीजबाब देतो आणि ती कबुलीच आरोप करणाऱ्यांवर उलटते. गोपनाविषयीच्या कथेचे शीर्षक हे कथेतील सर्वांत निर्भय प्रकटन आहे.

७

येथे एक आक्षेप संभवतो. बागुलांच्या कथेत लपवणे हा आशय आहे, निवेदनाचे तंत्र नव्हे. तेव्हा तिची गणना गोपनाच्या इतिहासात का करावी, असे कोणी विचारील. आशय आणि तंत्र यांची ही फारकत फडकेयुगाचाच वारसा आहे. पात्रांमधले लपवणे वाचकाला कोणत्या टप्प्यावर कळू द्यावे, हा निर्णय निवेदकच घेतो. बागुलांनी तो निर्णय घेतला आणि त्या निर्णयामुळे कथेचा ताण, तिची गती आणि तिची नैतिक दिशा ठरली. यालाच रचना म्हणायचे नसेल तर रचना कशाला म्हणायचे?

दलित साहित्याच्या चर्चेत अनुभवाची दाहकता, विद्रोह, नकार या संकल्पनांचे महत्त्व वादातीत आहे. पण बागुलांची कथा त्याच संकल्पनांच्या आधारे वाचली गेल्याने तिच्या वाट्याला एक विचित्र गौरव आला. तिला सच्ची म्हटले गेले, जळजळीत म्हटले गेले. कुशल क्वचितच म्हटले गेले. तिला दस्तऐवज म्हणून मोठी जागा देताना कथा म्हणून तिचा विचार पुढे ढकलला गेला. तंत्रवादी समीक्षेला तिच्यात तंत्र दिसले नाही, कारण तिने रहस्य शेवटी फोडले नव्हते. तंत्रविरोधी समीक्षेने तंत्र शोधलेच नाही. दोन्हीकडून एकच अन्याय झाला.

आपट्यांच्या गोष्टींप्रमाणे बागुलांच्या कथेचेही शीर्षक सारे आधीच सांगते, हा योगायोग बोलका आहे. आपटे शेवट सांगतात तो वाचकाला शहाणे करण्यासाठी. बागूल गुपित सांगतात ते वाचकाला गुंतवण्यासाठी. या दोन टोकांच्या मध्ये मराठी कथेने चकवण्याची कला शिकली, तिचे नियम बांधले, ते मोडले आणि अज्ञानालाही बोलते केले. पुनर्वाचनाची कसोटी लावली तर या प्रवासाचे मोल कळते. विस्मयावर उभी असलेली कथा दुसऱ्यांदा वाचताना आपण तिची कारागिरी न्याहाळतो. बागुलांची कथा दुसऱ्यांदा, पाचव्यांदा वाचतानाही तिवारीच्या घरचे आमंत्रण आले की मन धास्तावते, कारण तेथील भय कधीच अज्ञानावर अवलंबून नव्हते. महाविद्यालयीन वर्गात ही कथा शिकवताना विद्यार्थ्यांना तिच्या सामाजिक पार्श्वभूमीविषयी प्रश्न विचारले जातात, आणि ते विचारलेच पाहिजेत. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न ठेवावा : हे गुपित लेखकाने आपल्याला पहिल्याच शब्दांत का सांगितले? त्याचे उत्तर शोधू लागल्यावर कथेची रचना आणि जातीचे वास्तव हे दोन वेगळे विषय आहेत, ही समजूत फार काळ टिकत नाही.